अप्पांची पिंपळगावे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो माणूस तिशीच्या आतला असला पाहिजे. साठीला पोहोचलेला कोणीही असले काही बोलणार नाही; आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्याला तर साठीचा माणूस म्हणजे काल-परवाचे पोरच वाटते. पण म्हणींचे हे असेच असते. त्या ज्यांच्याविषयी असतात त्यांचे मत कोणी विचारीत नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवते. त्यामुळे एखादी गोष्ट समोर आली, की आपल्या भाषेत तिला शब्द किती आहेत हे मोजण्याची खोड मला लागली आहे. विसरण्याच्या बाबतीत मराठी मोठी दयाळूही आहे आणि तितकीच निर्दयही. ‘विसरभोळा’ हा शब्दच पाहा. विसरणाऱ्या माणसाला आपण त्याच्या भोळेपणाचे प्रशस्तिपत्र परस्पर देऊन टाकतो. छत्री वर्गात, चष्मा कपाळावर आणि खडू चहाच्या कपात ठेवणारा प्राध्यापक आपल्याला आवडतो. दुसऱ्या टोकाला मात्र ‘भ्रमिष्ट’ आहे, ‘चळलेला’ आहे, ‘म्हातारचळ’ आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा भारदस्त शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. पण तेथे तो क्रोधाने वाहवत गेलेल्या माणसासाठी आहे, थकलेल्या वृद्धासाठी नव्हे. विसरभोळेपणा आणि भ्रमिष्टपणा या दोन गावांच्या मध्ये जो लांबलचक मुलूख पसरला आहे, त्याला मराठीत नावच नाही. दोन वर्षांपूर्वी मला त्या नावाची गरज पडली. कारण माझे वडील त्या मुलखात राहायला गेले होते.

अप्पा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. १९६८ साली ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आर. एम. एस.मध्ये, सॉर्टर म्हणून लागले. रात्रीच्या गाडीला टपालाचा एक डबा जोडलेला असे. डब्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण. त्या हलत्या डब्यात उभे राहून हातातल्या गठ्ठ्यातले एकेक पत्र वाचायचे, बरोबर त्या खणात टाकायचे, आणि पुढचे स्टेशन यायच्या आत थैली बांधून तयार ठेवायची. तेव्हा पिन कोड नव्हता. पत्रावर नुसते ‘मुक्काम पोस्ट पिंपळगाव’ लिहून लोक मोकळे होत. आता महाराष्ट्रात पिंपळगावे का एक आहेत? बसवंताचे नाशिककडे, हरेश्वराचे पाचोरा तालुक्यात, राजाचे खामगावकडे, रेणुकाईचे भोकरदनकडे. शिवाय ज्यांना ना देव ना राजा अशी अनाथ पिंपळगावे कितीतरी. कोणते पिंपळगाव कोणत्या पोस्टाखाली आणि त्याची थैली कोणत्या गाडीने जाते, हे सॉर्टरच्या डोक्यात पक्के असावे लागे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. तो ज्यांच्या कल्पनेतून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. अप्पांना या गोष्टीचा अभिमानही आहे आणि थोडा रागही. “सगळं तोंडपाठ असलेल्या माणसानंच आमचं पाठांतर घालवलं बघ!” असे ते म्हणतात. पण त्यांचे पाठांतर काही गेले नाही. माझ्या लहानपणी पाहुण्यांसमोर मुलांना कविता म्हणून दाखवायला लावीत. आमच्या घरी अप्पांनाच पिंपळगावे म्हणून दाखवायला लावीत.

असा माणूस एका सकाळी चुलतबहिणीच्या नातीच्या लग्नाची तारीख तीनदा विचारतो. आदल्याच दिवशी भरलेले विजेचे बिल पुन्हा भरायला निघतो. दूध आणायला म्हणून जातो आणि ब्रेड घेऊन येतो. आपण म्हणतो, चालायचेच, वय झाले. मीही तसेच म्हणत होते, आणि त्यात वावगे काही नव्हते. वयाबरोबर आठवणीची चाल मंदावतेच. पण एका रविवारी दुपारी अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून एक लहान वही काढून माझ्यापुढे ठेवली. आत त्यांच्या वळणदार अक्षरात तारीखवार नोंदी होत्या. ‘शेजाऱ्यांचे नाव. दुपारी आठवले.’ ‘गॅसचा नंबर लावला की नाही? लावला होता.’ ‘वि. स. खांडेकरांच्या गावाचे नाव. आठवले नाही.’ चार महिन्यांच्या नोंदी होत्या.

“नोकरीत असताना चुकांची नोंद ठेवावी लागायची,” ते म्हणाले. “चुका हल्ली वाढल्यात. तुला कळवणं माझं काम आहे.”

हे त्यांनी ज्या आवाजात सांगितले, तो आवाज वरिष्ठांपुढे उभ्या असलेल्या कारकुनाचा होता. मला त्या वहीपेक्षा त्या आवाजाचेच अधिक वाईट वाटले.

आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी अप्पांना आजचा वार, तारीख, मजला विचारला. शंभरातून सात, पुन्हा सात, पुन्हा सात वजा करायला सांगितले. ते अप्पांनी मनिऑर्डरीचे पैसे मोजावे तसे झरझर केले. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढायला सांगितले. त्यांनी काढलेले घड्याळ तर भिंतीवर लावावे असे होते. मग बाईंनी आधी सांगितलेले पाच शब्द विचारले. अप्पांना दोन आठवले. तिसऱ्यासाठी ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग एकदम म्हणाले, “डॉक्टर, महाराष्ट्रातली पिंपळगावं सांगू का?” आणि बाईंनी नको म्हणायच्या आत सांगूनही टाकली.

बाई हसल्या, पण त्यांनी ते मन लावून ऐकले. “जुनं जसंच्या तसं आहे, नवं नीट बसत नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारले: औषधे स्वतः घेतात का? बँकेची कामे करतात का? लोकलने एकटे जातात-येतात का? सगळ्याला माझे उत्तर ‘हो’ होते. पूर्वीपेक्षा वेळ लागतो, पण करतात. त्यावर त्यांनी कागदावर तीन अक्षरे लिहिली: एम. सी. आय. म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली या अवस्थेची लक्षणे नेमकी मांडली, तेव्हापासून हे नाव सर्वत्र रूढ झाले. वयाच्या मानाने आठवण किंवा विचारशक्ती अधिक उणावलेली आहे, स्वतःला किंवा घरच्यांना ते जाणवते आहे, चाचणीतही दिसते आहे. पण रोजचा व्यवहार अजून माणसाच्या हातात आहे. व्यवहार हातचा जाऊ लागला, की मग त्याला डिमेन्शिया म्हणतात.

घरी येऊन मी त्या तीन अक्षरांचे मराठी करू लागले. ‘सौम्य बोधनिक दुर्बलता’ हे भाषांतर कोशात शोभले असते. पण स्वयंपाकघरात ते कोण उच्चारणार? शेवटी नाव अप्पांनीच ठेवले. “पत्र हरवलेलं नाही गं. चुकीच्या खणात पडलंय.” तेव्हापासून आमच्या घरी या अवस्थेला ‘चुकीचा खण’ म्हणतात. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि एवढीच दुरुस्ती केली: “काही पत्रं चुकीच्या खणात पडतात, अप्पा. काही मात्र थैलीतून डब्यात चढतच नाहीत.”

या मुलखातून सगळ्यांची गाडी पुढे डिमेन्शियाच्याच स्टेशनाला जाते असे नाही. दवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी दरवर्षी शंभरातले दहा-पंधरा जण तिकडे जातात. पुष्कळ जण वर्षानुवर्षे आहेत तेथेच राहतात, आणि काही तर चक्क परत येतात. परत येण्यासारखे काही आहे का, हे बाईंनी आधी पाहिले. थायरॉइड तपासला. झोपेच्या गोळ्या किंवा सर्दीची जुन्या पद्धतीची औषधे घेता का, हे खोदून विचारले. कारण तीही म्हाताऱ्या माणसाचे डोके जड करतात. मन उदास असले तरी आठवण मंदावते, म्हणून तेही विचारले. आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासले, ते फार कमी निघाले. अप्पा शाकाहारी, त्यातून मधुमेहासाठी घेतात ते मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असले तर ब-१२ आणखी खाली ओढते. आपल्याकडे ही गोष्ट घरोघरची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले होते. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी होते. अप्पांना इंजेक्शने सुरू झाली. पायांच्या मुंग्या गेल्या, चेहऱ्यावर तरतरी आली. आठवणीत चमत्कार झाला नाही; पण दुधाच्या जागी ब्रेड येणे थांबले.

मग प्रश्न उरला तो, हे होते कशाने, आणि पुढे जाऊ नये म्हणून काय करायचे? वय आणि आनुवंशिकता यांच्यापुढे इलाज नाही, हे आम्हाला माहीत होते. बाकीचे जाणून घ्यावे म्हणून मी वाचू लागले. कोलकात्यात पन्नाशीपुढच्या लोकांची घरोघर पाहणी झाली होती. २००७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे १५ टक्के लोक या ‘चुकीच्या खणा’त निघाले, आणि त्याच्याशी जोडलेली मुख्य कारणे होती रक्तदाब आणि मधुमेह. पुढच्या टप्प्याची, म्हणजे डिमेन्शियाची, यादी आणखी मोठी आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०१७ साली टाळता येण्याजोगी नऊ कारणे सांगितली, २०२० साली बारा, आणि २०२४ साली चौदा. ही चौदाही कारणे दूर करता आली, तर डिमेन्शियाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंचेचाळीस जणांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. हिशेब साऱ्या जगाचा आहे, एका माणसाला त्यातून हमी मिळत नाही. तरी पंचेचाळीस हा आकडा लहान नव्हे.

ती यादी मी मराठीत उतरवून अप्पांना दिली. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली, आणि जेवणाच्या टेबलावर कागदाचे तीन खण आखले. पहिल्यावर लिहिले ‘माझे’, दुसऱ्यावर ‘तुझे’, तिसऱ्यावर ‘सरकारचे’. आणि सॉर्टिंगला सुरुवात केली.

“शिक्षण कमी,” त्यांनी वाचले. “हे कुठं टाकू? माझी मॅट्रिक झालीय.” हे पत्र खरे तर माझ्या आजीच्या नावाचे होते. ती शाळेची पायरी चढली नव्हती. भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीप्रमाणे साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आणि त्यात पुरुषांपेक्षा बायका अधिक, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेले अधिक, शहरापेक्षा खेड्यातले अधिक. लहानपणी शाळेत गेलेल्या डोक्याला म्हातारपणी खर्चायला थोडी शिल्लक राहते, असे तज्ज्ञ मानतात. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू करताना जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या मनात पाऊणशे वर्षांच्या म्हातारीची आठवण खासच नसेल. पण तिचेही भले त्या शाळांनी केले आहे. अप्पांनी ते पत्र ‘सरकारचे’ या खणात टाकले. “पूर्वीच्या सरकारचं,” असेही म्हणाले.

शाळा मात्र सर्वस्व नव्हे. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली दाखवले, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षे उशिरा होतो. आणि हा फायदा निरक्षरांनाही मिळतो. हे वाचून मला आमच्या मुलुंडच्या बाजाराचा अभिमान वाटला. मुलुंड काय, घाटकोपर काय, येथे भाजीवाली मावशी एका गिऱ्हाइकाशी मराठीत भांडते, दुसऱ्याशी गुजरातीत घासाघीस करते, आणि तिसऱ्याची हिंदीत समजूत घालते. माझ्या एम. ए.ला जे साधले नाही ते ती दररोज दोन रुपयांच्या कोथिंबिरीवर साधते.

धूम्रपान, दारू: दोन्ही पत्रे ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून बाजूला गेली. डोक्याला मार लागणे: “फुटपाथ ‘सरकारचे’,” अप्पा म्हणाले, आणि पावसाळ्यात उखडलेले ते फरसबंदीचे ठोकळे आठवून मीही हरकत घेतली नाही. हवेचे प्रदूषणही त्याच खणात गेले. लाल बहादूर शास्त्री मार्गावर संध्याकाळी उभ्या राहिलेल्या ट्रकांची रांग आम्ही दोघांनी एकदमच डोळ्यांसमोर आणली असावी. डोळ्यांचे पत्र अप्पांनी ऐटीत खाली ठेवले. त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती. मधुमेह ‘माझे’. नैराश्यापाशी पेन्सिल क्षणभर थांबली. “तुझी आई गेली त्या वर्षी असेल,” एवढेच म्हणून त्यांनी ते ‘माझे’मध्ये टाकले. मी काही बोलले नाही.

मग रक्तदाब आला. अप्पांचा गोळीने ताब्यात आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तुझा किती असतो?”

मला सांगता येईना, कारण मी तो कधी मोजला नव्हता. कोलेस्टेरॉल? तेही नाही. वजन? ते दिसतच होते. व्यायाम? मुलुंड स्टेशनचा पूल चढणे-उतरणे हा व्यायाम धरला तर. एकेक पत्र ‘तुझे’च्या खणात पडू लागले. मी वडिलांसाठी म्हणून जी यादी आणली होती, तिच्यातली निम्मी पत्रे माझ्या पत्त्यावरची निघाली. आणि यात अप्पांची लबाडी नव्हती. या यादीतली बरीच कारणे आपले काम करतात ती माणसाच्या मध्यम वयात. रक्तदाब चाळिशी-पन्नाशीत वाढतो, रक्तवाहिन्या तेव्हापासून झिजू लागतात, आणि पावती येते ती पाऊणशे वयाला. म्हाताऱ्यांचा म्हणून जो आजार आपण समजतो त्याचे टपाल तीस वर्षे आधीच पेटीत पडलेले असते.

शेवटी टेबलावर दोन पत्रे उरली, आणि ती अप्पा उचलीनात. एक होते बहिरेपण. दुसरे एकाकीपण.

अप्पांना सहा-सात वर्षांपासून कमी ऐकू येते. “ऐकू येतं, पण काय बोलताय ते कळत नाही,” अशी त्यांची तक्रार. मोलामहागाचे यंत्र घेतले होते. ते कपाटाच्या खणात, मखमलीच्या डबीत, एखाद्या दागिन्यासारखे पडून होते. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो, यंत्र लावले की म्हातारा, असे त्यांचे म्हणणे. शिवाय यंत्रातून पंख्याचा आवाज मोठा येतो आणि माणसाचा तसाच राहतो, हेही खरेच. सवय व्हायला आठवडे लागतात. या बाबतीत अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. सत्तरीपुढच्या ९७७ लोकांवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा यंत्र लावणारे आणि न लावणारे यांच्यात फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्या गटात यंत्रामुळे तीन वर्षांतली बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली.

मी हे आकडे सांगितले. अप्पांवर परिणाम शून्य. मग मला डॉक्टरीणबाईंची दुरुस्ती आठवली. मी म्हटले, “अप्पा, थैली डब्यात चढलीच नाही, तर सॉर्टर काय करील?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग उठून कपाटाकडे गेले.

दुसऱ्या पत्राची कथा अधिक अवघड. आई गेल्यावरही अप्पा मुलुंड पूर्वेला आपल्या जुन्या घरात एकटे राहत. २०२१ साली ती इमारत पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली आणि ते आमच्याकडे, पश्चिमेला आले. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको, की पूर्व आणि पश्चिम या दोन दिशा नसून दोन देश आहेत, आणि मध्ये रेल्वेचे रूळ ही सरहद्द आहे. अप्पांच्या पत्त्यात म्हटले तर एका आकड्याचा फरक पडला: पिन कोड ४०००८१ होता, तो ४०००८० झाला. पण त्या एका आकड्यात त्यांचा न्हावी गेला, वाण्याच्या दुकानासमोरची खुर्ची गेली, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळचा कट्टा गेला. कट्ट्यावर सहा जण असत. निवृत्त माणसांचा कट्टा म्हणजे काय चीज आहे हे बाहेरून कळत नाही. तेथे रोज तेच विषय, तेच वाद आणि तेच विनोद असतात. पण उत्तर द्यायचे म्हणून ऐकावे लागते, खोडून काढायचे म्हणून आठवावे लागते. आमच्या घरी सगळे प्रेमाने वागतात, आणि प्रेमापोटी त्यांच्याशी कोणी वाद घालीत नाही. तीन वर्षे अप्पांचे कोणी काही खोडून काढले नव्हते.

त्यांना पुन्हा कट्ट्यावर जाऊ द्यावे की नाही, यावर आमच्या घरात पंधरा दिवस खल चालला. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, त्यांना एकटं सोडू नकोस. रस्ता विसरले तर?” त्याचे भय खोटे नव्हते. कट्ट्यावरच्या सहांपैकी एक गृहस्थ आता सरहद्दीच्या पलीकडे गेले आहेत. रविवारी त्यांची पत्नी त्यांना हात धरून आणते, ते सगळ्यांकडे पाहून गोड हसतात, आणि कोणालाच ओळखत नाहीत. बँकेत अधिकारी होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ सालच्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाची भूमिका केली आहे. ते पंडित गृहस्थ मुलीच्या गाडीतून उतरून एका हत्तीच्या मागे निघून जातात. मी तो चित्रपट पाहिला तेव्हा तो एका विद्वानाचा वाटला होता; भावाचा फोन आला त्या रात्री तो एका मुलीचा वाटला.

डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “जाणं हे औषध आहे. आज ते जाऊ शकतात. उद्याच्या भीतीनं आजचं जाणं बंद करू नका. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, तेव्हाचं तेव्हा पाहू.” आमचे हे तर आधीपासून अप्पांच्याच बाजूचे होते. बँकेचे खाते आम्ही दोघांच्या नावावर केले. तेही अप्पांनीच सुचवले, सही ठाम येते आहे तोवर करून टाकू म्हणून. आणि अप्पा मंगळवार-शुक्रवार पूल ओलांडून पूर्वेला जाऊ लागले. कानात यंत्र. खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे: ‘न मिळाल्यास प्रेषकाकडे परत’. माझ्या मुलीला हे फार आवडले. मला हसायला दोन दिवस लागले.

पहिल्या संध्याकाळी ते साडेसातला यायचे ते सव्वाआठला आले. तेवढ्या वेळात मी गॅलरीत किती फेऱ्या मारल्या हे विचारू नका. त्या आठवड्याचा व्यायाम झाला. अप्पा आले ते तावातावाने. कट्ट्यावर कोणीतरी म्हणाले होते, की पिन कोड १९७० साली सुरू झाला! “खोडून काढलं,” ते म्हणाले. “पण तो ऐकेना. शुक्रवारी पुन्हा बघतो त्याला.” शुक्रवारी काय करायचे हे त्यांना तीन दिवस आठवत होते.

मीही एका शनिवारी जाऊन रक्तदाब मोजला. तो किती निघाला हे दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. रोज सकाळी अर्धा तास चालते आहे, आणि मिठाच्या बरणीवर आमच्या ह्यांचा पहारा बसला आहे. वहीतल्या नोंदी थांबलेल्या नाहीत. गेल्या तपासणीला पाचांपैकी पुन्हा दोनच शब्द आले. बाई म्हणाल्या, दोनाचे दोन राहिले, हे वाईट नाही. आम्ही ते वाईट न मानायला शिकतो आहोत.

यंदा फराळाचे डबे पोस्टाने पाठवायचे ठरले आणि पत्ते लिहायचे काम अप्पांनी मागून घेतले. बारा डबे. प्रत्येकावर टाकाने काढावे तसे अक्षर, तालुका, जिल्हा, खाली पिन कोड. फक्त एका डब्यावर पिन कोड नव्हता. तो त्यांच्या आतेभावाचा, पिंपळगाव बसवंतचा. मी म्हटले, “अप्पा, हा राहिला वाटतं.”

“राहिला नाही,” ते म्हणाले. “पिंपळगाव बसवंतला पिन कशाला? सॉर्टरला कळेल.”

खरोखरच राहिला होता, की घातला नव्हता? मला सांगता यायचे नाही. अप्पा पाणी प्यायला आत गेले, तेव्हा मी पेन घेतले आणि त्यांच्या अक्षराखाली बारीक अक्षरात सहा आकडे लिहून टाकले.